काळ्या मातीवरचा लेथ

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावाला लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून धारदार टूलने छिलणारे यंत्र, नवे नाही. कापसाच्या या पट्ट्यात जिनिंग आले की त्याच्या मागोमाग दुरुस्तीची कामशाळाही येते, कारण जिनाच्या रोलरचे शाफ्ट, बुश आणि पुल्या सतत झिजत असतात आणि ऐन हंगामात यंत्र बंद ठेवणे कोणालाच परवडत नाही. मात्र लेथ म्हणजे टर्नरचे पोट भरण्याचे साधन, अशीच इथली समजूत आहे. शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने केवळ स्वतःच्या हौसेसाठी लेथ घ्यावा आणि पुढे त्याला सपाट छिलकाम करणाऱ्या लहान मिलिंग मशीनची जोड द्यावी, हे अनेकांना चमत्कारिक वाटले. मला मात्र पाठ्यपुस्तकात आकृती काढून शिकवले जाणारे वाफेचे इंजिन धातूच्या तुकड्यांतून स्वतःच्या हाताने घडवून चालवून पाहायचे होते. त्या निमित्ताने जे शिकलो ते सविस्तर लिहितो आहे, कारण खेड्यात राहून हा छंद करता येतो आणि त्यातल्या काही अडचणी फक्त आपल्याच भागातल्या आहेत.

लेथ मिळाला तो तालुक्यातल्याच एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कामशाळेत. साडेचार फुटी बेडचा, पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलणारा, इंचाच्या मापाचा लेथ होता आणि भाव जवळपास भंगाराचा होता. असा जुना लेथ घेताना रंगाकडे न पाहता बेडकडे, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात त्या ओतीव पायाकडे, पाहावे. चकजवळच्या (चक म्हणजे फिरणारा तुकडा पकडणारा भाग) दीड-दोन फुटांत सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवरून सरकणारा भाग, आयुष्यभर पुढे-मागे फिरलेले असते, म्हणून सर्वांत जास्त झीज तिथे असते आणि टेलस्टॉकच्या, म्हणजे सळीच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या, टोकाला ती जवळपास नसते. सॅडलची गिब (ढिलाई काढण्याची पट्टी) चकजवळ ढिलाई जाईल इतकीच कसावी आणि सॅडल हळूहळू टेलस्टॉककडे न्यावे. ते जिथे अडू लागते तिथून न झिजलेला बेड सुरू होतो, आणि किती लवकर आणि किती घट्ट अडते यावरून झिजेचा अंदाज येतो. त्याच कामशाळेतून निवृत्त झालेले एक वयस्कर टर्नर माझ्यासोबत आले होते. गावात सगळे त्यांना काकाजी म्हणतात. स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे काट्याचे माप) लावून, चकखाली लाकडी दांडा घालून त्यांनी बेअरिंगमधला खेळ पाहिला, चेंज गिअरचा डबा उघडून दात तपासले आणि म्हणाले, ‘‘बेड चांगला असन तं बाकीचं सारं घरी बनोता येते सर. बेड नाई बनोता येत.’’ चेनपुल्लीने उचलून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून आणि शेवटच्या टप्प्यात पाइपाच्या तुकड्यांवरून घरंगळवत तो घरच्या मागच्या खोलीत आला.

मूळ मोटर एक अश्वशक्तीची, तीन फेजची होती. घरी सिंगल फेज, आणि थ्री फेज येते ती शेतीपंपांच्या लाइनवर, तीही पाळीने. अशा वेळी २३० व्होल्टच्या सिंगल फेजमधून तीन फेज काढून देणारा ड्राइव्ह उपयोगी पडतो. मात्र आपल्याकडच्या लहान मोटारी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये (वाइंडिंग जोडण्याच्या दोन पद्धतींपैकी एक; दुसरी डेल्टा) जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये वाइंडिंगची सहा टोके बाहेर आलेली असतील आणि मोटरच्या प्लेटवर २३०/४१५ अशी दोन्ही मापे असतील, तरच ती डेल्टामध्ये जोडून अशा ड्राइव्हवर पूर्ण ताकदीने चालवता येते. हे काम मी जाणकार वायरमनकडून करून घेतले आणि अर्थिंग नव्याने टाकले. सिंगल फेज मोटर बसवणे सोपे आणि स्वस्त पडते, हे खरे. पण तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आले, तर मोटरचा जोर साठ टक्क्यांच्या आसपास उरतो, ती गुणगुणत गरम होते आणि जॉब, म्हणजे छिलायला धरलेला तुकडा, अर्ध्यात अडकतो. ड्राइव्ह निदान व्होल्टेज फार घसरल्यावर स्वतःहून थांबतो.

लेथवरचे पहिले शिक्षण लेथवर होत नाही, ग्राइंडरवर होते. काकाजींनी मला कार्बाइडच्या टिपांना हात लावू दिला नाही. दहा मिमी चौकोनी हायस्पीड स्टीलचा (टूल बनवण्याच्या कठीण पोलादाचा) तुकडा हातात देऊन त्यावर धार करायला बसवले. समोरून आणि बाजूने आठ-दहा अंशांचा उतार, म्हणजे टूलची धार तेवढी जॉबला लागते आणि खालचा भाग घासत नाही. माथ्यावर मागे जाणारा उतार लोखंडाला बेताचा, अॅल्युमिनियमला भरपूर, आणि पितळेला शून्य. पितळेला माथ्यावर उतार दिला की टूल धातूत खेचले जाते आणि जॉब चकमधून उपटून निघू शकतो. हे कोन पुस्तकात वाचून कळतात, पण दगडाशी टूल धरल्यावर मनगट किती स्थिर ठेवायचे आणि एकाच पृष्ठावर दोन-तीन पैलू पडू नयेत म्हणून काय करायचे, हे हातालाच शिकावे लागते.

त्यानंतर टूलची उंची. टूलची धार स्पिंडलच्या मध्यरेषेशी अगदी समान पातळीत हवी. पोलादाची पातळ पट्टी गोल सळी आणि टूलच्या टोकामध्ये हलकेच दाबून धरली की पट्टीच उत्तर देते. ती उभी राहिली तर टूल मध्यावर आहे, तिचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे. अखेरचा निर्णय फेसिंगमध्ये होतो. सळीचे तोंड बाहेरून मध्याकडे छिलत जावे आणि शेवटी बरोबर मध्यभागी काय उरते ते पाहावे. टूल खाली असेल तर तांदळाच्या कणीएवढी गोल घुंडी तिथे शिल्लक राहते. टूलखाली पत्र्याची पातळ पट्टी सारून पुन्हा तोंड छिलले की घुंडी बारीक होते, आणखी एक पातळ पट्टी सारली की नाहीशी होते आणि तोंडावर कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी चकाकी येते. माझे काम कधी खरखरीत आले की मी वेग, फीड (टूल सरकण्याची गती), तेल अशी नाना कारणे शोधत असे. काकाजी बाहेरच्या ओट्यावरूनच म्हणत, ‘‘पयले टूल सेंटरवर हाय का ते पाहा सर, मंग मशिनले बोल लावा.’’

वेगाचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाने स्वतः करावे. धातू टूलसमोरून मिनिटाला किती मीटर सरकतो, हे महत्त्वाचे. साध्या लोखंडाला हायस्पीड स्टीलच्या टूलने पंचवीस मीटरच्या आसपास ठीक असते, ओतीव बिडाला त्याहून कमी, अॅल्युमिनियमला दुपटी-तिपटीने जास्त. त्या आकड्याला हजाराने गुणून सळीच्या परिघाने, म्हणजे पाय (३.१४) गुणिले मिलिमीटरमधला व्यास याने, भागले की फेरे मिळतात. पंचवीस मिमी सळीला ते सुमारे ३२० येतात, आणि सळी निम्मी झाली की फेरे दुप्पट. वेग वाढला की लोखंडाचा कीस निळा पडतो आणि हायस्पीड स्टीलची धार लगेच बोथट होते. फिकट गवती रंगाचा कीस सुटत असेल तर काम नीट चालले आहे, असे मी समजतो.

सुरक्षेबद्दल काकाजींचे नियम कडक होते आणि ते मी आज तितक्याच कडकपणे पाळतो. हातमोजे नाहीत, खांद्यावर दुपट्टा नाही, बाह्या कोपराच्या वर, डोळ्यांवर चष्मा. चकची चावी चकमध्ये असताना हात चावीवरून सुटायचा नाही, कारण चालू चकमधून उडालेली चावी माणूस मारू शकते. लांब वळणदार कीस कितीही अडचण करत असला तरी तो हाताने ओढायचा नाही; यंत्र थांबवून आकड्याने काढायचा. घरातली मुले खोलीत असली तर मोटर सुरू करायची नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लेखन मुख्यतः करावेसे वाटले, तिच्याकडे येतो. लेथ बसवला तो माघात, जमीन कोरडी असताना. बेडच्या दोन्ही टोकांना आडवी लेव्हल ठेवून, पायांखाली पत्रे सारून तो समपातळीत बसवला आणि त्यावर काढलेली कामे समाधानकारक होती. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर काही आठवड्यांत मात्र कामे निमुळती येऊ लागली. सळीचा व्यास चकजवळ एक आणि पुढे दुसरा. टेलस्टॉकचा आधार दिलेला असताना असे झाले तर टेलस्टॉक बाजूला सरकला असेल, असा संशय प्रथम घ्यावा लागतो. म्हणून आधाराशिवायची चाचणी घेतली. चाळीस मिमी जाडीची सळी फक्त चकमध्ये धरून, तिच्यावर १५० मिमी अंतराने दोन कॉलर (उंच पट्टे) ठेवून मधला भाग उतरवला आणि टूलची जागा न हलवता दोन्ही कॉलरवरून अगदी हलका कट घेतला. कट हलका यासाठी की जोराच्या कटाने सळीच वाकते आणि चाचणी खोटी ठरते. मायक्रोमीटरने बाहेरची कॉलर आतल्या कॉलरपेक्षा ०.०८ मिमीने मोठी निघाली. याचा अर्थ टूल टेलस्टॉककडे जाताना मध्यरेषेपासून दूर जात होते, म्हणजेच बेडला पीळ पडला होता. काही क्विंटलच्या ओतीव बिडाला पीळ पडतो, यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही; पण एका पायाखाली पातळ कागदाएवढा पत्रा सारला तरी त्याचा परिणाम कॉलरवर मोजता येतो.

पीळ कुठून आला, हे कळायला जमिनीकडे पाहावे लागले. वर्धा नदीच्या या खोऱ्यातली काळी कपाशीची माती मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली आहे. या मातीच्या कणांमधल्या थरांत पाणी शिरले की ती फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात, हे आपण सगळे पाहतोच. घराच्या भिंतीला मे महिन्यात उघडलेली चीर पोळ्यापर्यंत मिटते, तेही याच कारणाने. माझी खोली पूर्वी गोठा होती, खाली शहाबादी फरशी आणि तिच्याखाली थेट काळी माती. मागच्या भिंतीलगत वळचणीचे पाणी मुरत होते, त्यामुळे ती बाजू आधी फुगली आणि लेथचे मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा वर उचलले गेले. त्यातही टेलस्टॉककडचा कोपरा जास्त. टेलस्टॉककडचा पुढचा पाय उचलला की बेडचा माथा किंचित मागे कलतो, टूल मध्यरेषेकडे जाते आणि बाहेरची कॉलर बारीक येऊ लागते. या नियमाने पुढच्या पायाखाली पत्रे घालून मी फरक घालवला, पण पाऊस आठवडाभर थांबला की पुन्हा माप बदले.

अखेर कार्तिकात लेथ बाजूला सरकवून खोलीचा तेवढा भाग तीन फूट खोल खणला. काळी माती पूर्ण बाहेर काढली, सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम टाकून, पाणी मारून धुमसाने चोपला आणि वर गजाळीचा सिमेंट-काँक्रीटचा ठोकळा ओतला. ठोकळा भिंतींना टेकू दिला नाही. सर्व बाजूंनी फट ठेवून ती वाळूने भरली, म्हणजे भिंत हलली तरी ठोकळा हलत नाही. बाहेर पन्हळी लावून वळचणीचे पाणी लांब नेले. लेथच्या पायांना लेव्हलिंगचे बोल्ट दिले. त्यानंतर दोन कॉलरमधला फरक मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांच्या आत राहतो, आणि तोही मी पावसाळा लागल्यावर व थंडी सुरू झाल्यावर तपासून बोल्टने काढून टाकतो. आमच्या भागात ज्याला घरी लेथ बसवायचा असेल, त्याने यंत्राइतकाच पैसा आणि विचार यंत्राखालच्या जमिनीवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मोठ्या कारखान्यांच्या पायाबद्दलचे ज्ञान इथल्या गवंड्यांना आहेच. घरगुती यंत्राला त्याची गरज आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

उन्हाळ्याचाही मापावर परिणाम होतो, पण तो समजून घेतला तर भीतीचे कारण नाही. मापांचे प्रमाण तापमान २० अंश आहे आणि मे महिन्यात आमच्या खोलीत ते ४२ असते. लोखंडी जॉब आणि लोखंडी मायक्रोमीटर दोन्ही सारखेच तापलेले असतील तर चूक जवळपास शून्य. अॅल्युमिनियम मात्र लोखंडाच्या दुपटीने प्रसरण पावते. पन्नास मिमीच्या अॅल्युमिनियमच्या जॉबवर वीस अंशांनी शतांशभराची तफावत पडते. नुकताच छिललेला गरम जॉब लगेच मोजणे हे त्याहून घातक. मी जॉब लेथच्या बेडवर थंड होऊ देतो आणि मगच अखेरचा कट घेतो.

मिलिंग मशीन नंतर आले, ते लहान, टेबलावर बसणारे, नागपूरहून ट्रान्सपोर्टने. लेथवर जॉब फिरतो, इथे कटर फिरतो, आणि गोलाऐवजी सपाट व काटकोनी काम करायचे असते. पहिली गोष्ट म्हणजे डोके टेबलाला लंब आहे का. स्पिंडलमध्ये आडव्या दांडीवर डायल गेज लावून तो टेबलावर गोल फिरवायचा. चारही दिशांना काटा एकाच जागी आला पाहिजे. दुसरी गोष्ट, एंड मिल (दांडीच्या टोकाला दात असलेले कटर) ड्रिल चकमध्ये धरायचे नाही. बाजूच्या धक्क्याने चकचा निमुळता दांडा सुटतो. कोलेट (कटर सर्व बाजूंनी आवळणारी नळी) आणि मागून ताणणारा ड्रॉबार (लांब बोल्ट) हवाच. तिसरी गोष्ट बॅकलॅशची. कटरच्या दातांच्या दिशेनेच जॉब सरकवला तर लहान मशीनच्या स्क्रूमधल्या मोकळ्या जागेमुळे कटर टेबल स्वतःकडे ओढतो आणि दात मोडतो. म्हणून दातांच्या विरुद्ध दिशेने सरकवायचे आणि डायल नेहमी एकाच बाजूने फिरवून माप घ्यायचे.

सर्वांत जास्त शिकवले ते ओबडधोबड तुकडा काटकोनी करण्याच्या कामाने. पहिले पृष्ठ सपाट करून ते व्हाइसच्या स्थिर जबड्याला लावायचे, आणि हलता जबडा व तुकडा यांच्यामध्ये एक गोल सळी आडवी ठेवायची. सळी एकाच रेषेत टेकते, त्यामुळे तुकड्याची मागची बाजू कितीही वाकडी असली तरी सपाट पृष्ठ स्थिर जबड्याला पूर्ण चिकटते आणि वरचे नवे पृष्ठ काटकोनात येते. ही सळी नसेल तर हलता जबडा वाकड्या बाजूच्या कलाने तुकडा फिरवतो आणि काटकोन साधत नाही.

इंजिन बनवले ते झुलत्या सिलिंडरचे, कारण त्याला वेगळी झडप लागत नाही. सिलिंडर एका खिळीवर झुलतो, त्याच्या सपाट अंगावरचे छिद्र उभ्या पाट्यातल्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या छिद्रांसमोर आळीपाळीने येते. सिलिंडर गनमेटलचा, बोअर, म्हणजे आतला व्यास, १६ मिमी, आधी थोडा कमी बोअर करून शेवटी रीमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) फिरवला. पिस्टनला अडीच शतांशांची मोकळीक ठेवली. छिद्रांच्या जागा एज फाइंडरने (तुकड्याची कड अचूक शोधणाऱ्या साधनाने) मिलवर काढल्या, त्यामुळे त्या बरोबर बसल्या. तरीही पहिल्या चाचणीत सिलिंडर आणि पाटा यांच्यामधून हवा फुसफुसत होती. काचेच्या जाड तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर चिकटवून, त्यावर दोन्ही पृष्ठे आठच्या आकड्यात घासली. सगळीकडे सारखा करडा रंग आला तेव्हा जोडणी केली आणि मोटारसायकलच्या सुट्या चाकातली हवा सोडली. फ्लायव्हील बोटाने ढकलताच इंजिन चालू लागले आणि चाकातली हवा बरीच उतरेपर्यंत चालत राहिले. शाळेत ते टेबलावर चालवून दाखवले तेव्हा सातवीच्या एका मुलीने, छिद्रे अदलाबदल केली तर इंजिन उलटे फिरेल का, असे विचारले. फिरते, आणि ते तिला नळी बदलून दाखवले.

सध्या काम चालू आहे ते १२७ दातांच्या गिअरचे. माझ्या लेथचा लीडस्क्रू (आट्या पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा आहे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला तरी इंचाचे लेथ कामशाळांत कितीतरी वर्षे चालत राहिले. इंच २५.४ मिमीचा असल्यामुळे त्याची पाचपट १२७ मिमी होते, आणि १२७ ही मूळ संख्या आहे. म्हणून अशा लेथवर मिलिमीटरच्या आट्या अचूक पाडायच्या तर १२७ दातांचे एक चाक संचात असावेच लागते. दीड मिमीच्या आटीसाठी स्पिंडलच्या बाजूला ३० आणि लीडस्क्रूवर १२७, एवढे पुरते. अशी आटी पाडताना हाफनट (सॅडलला लीडस्क्रूशी जोडणारा दुभागलेला नट) शेवटपर्यंत उघडायचा नाही. टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवूनच परत यायचे, नाहीतर टूल पुन्हा त्याच आटीत पडत नाही. हे चाक माझ्या डब्यात नव्हते. गिअर २० डीपीचे (डीपी म्हणजे दातांच्या आकाराचे इंचातले माप) असल्याने बाहेरचा व्यास १६३.८३ मिमी आणि दाताची खोली २.७४ मिमी येते. कटर दुसऱ्या क्रमांकाचा, जो ५५ ते १३४ दातांना चालतो. बिडाची चकती लेथवर उतरवून झाली आहे. रोटरी टेबल (कोन मोजून फिरवायचे टेबल) प्रत्येक दातामागे दोन अंश पन्नास कला (मिनिटे) आणि पावणेपाच विकलांच्या (सेकंदांच्या) आसपास फिरवायचे आहे. तेवढाच आकडा दर वेळी पुढे मिळवत गेलो तर डायल वाचण्यातली चूक साठत जाईल, म्हणून दहावीच्या मुलांनी शून्यापासून प्रत्येक दाताचा कोन स्वतंत्रपणे काढून १२७ ओळींचा तक्ता वहीत लिहून दिला आहे आणि दोघा-दोघांनी तो पडताळला आहे. दात पाडणे एका सलग बैठकीत व्हावे अशी इच्छा आहे, पण मध्ये वीज गेली तरी टेबल लॉक करून थांबता येते आणि तक्त्यात कोणत्या ओळीवर आहोत तिथे खूण करता येते. दिवाळीच्या सुट्टीत, पहाटेचे व्होल्टेज चांगले असताना, ते काम सुरू करणार आहे. काकाजी तक्ता वाचायला बसणार आहेत.